बीएमडब्ल्यू एम२ की पोर्शे केमन जीटीएस? निकष एकच, चालवायची मजा. रस्ते मात्र आपले.

पानचक्की_२० (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

संभाजीनगरला राहतो, वाळूजला छोटं वर्कशॉप आहे, प्रेस पार्ट काढतो. यंदा धंद्यावरचं कर्ज फिटलं आणि घरात ‘एकदाची काय ती हौस करून टाका’ असा ठराव पास झाला. ठराव बायकोनेच मांडला हे आधीच नोंदवतो, नाहीतर पहिले दहा प्रतिसाद त्यावरच खर्ची पडतील.

घरात इनोव्हा आहे. तुळजापूर, शेगाव, लग्नकार्यं, सगळं तिच्यावर होतं. माझी जुनी ऑक्टाव्हिया व्हीआरएस, २३० पीएसची (पीएस म्हणजे अश्वशक्ती), अजून ठणठणीत आहे. म्हणजे नव्या गाडीकडून सोय नको, मायलेज नको, चारचौघांत मिरवणं तर नकोच. स्टिअरिंगवर बसल्यावर हात, पाय आणि कान खूश झाले पाहिजेत.

दोन गाड्यांवर येऊन अडलोय. एक, नवी कोरी बीएमडब्ल्यू एम२, सहा गिअरची मॅन्युअल. तीन लिटर, सहा सिलिंडर, दोन टर्बो, ४८० पीएस. दुसरी, सेकंडहँड पोर्शे ७१८ केमन जीटीएस ४.०. चार लिटर, सहा सिलिंडर, टर्बो नाही, ४०० पीएस. हिला पीडीके, म्हणजे क्लचचं पेडल नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे, मुंबईतल्या एका गृहस्थांची, कमी चाललेली. पेट्रोलवरच्या ७१८ चं उत्पादन २०२५ मध्ये बंद झालं, त्यामुळे नवी मिळायचा प्रश्न नाही.

माझे रस्ते असे: रविवारी पहाटे खुलताबाद–म्हैसमाळ, कधी वेरूळहून पुढे कन्नड, कामासाठी पुणे, आणि सासुरवाडी नागपूर असल्यामुळे समृद्धी. पैशांचं गणित माझं मी बघतो. मजा कशात जास्त, एवढंच सांगा.

बिडकीन_फाटा

खुर्ची टाकून बसलोय. चालू द्या.

शेंद्रा_जनरल_शिफ्ट

अभिनंदन दादा. आपल्या गावाला ही हौस नवी नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या उद्योजकांनी एकदम १५० मर्सिडीज उचलल्या होत्या. ६५ कोटींचा सौदा, स्टेट बँकेनं सात टक्क्यांनी कर्ज दिलं होतं, दिल्ली-मुंबईचे पेपरवाले धावत आले होते. पण ती खरेदी गावाचं नाव व्हावं म्हणून होती, मंडळींनी तेव्हा तसं उघड सांगितलंही होतं. तुमची भानगड वेगळी. तुम्हाला कुणी बघायला नकोय आणि गाडी तर बघितल्याशिवाय राहवणार नाही अशी घेताय.

माझं आयुष्य शेंद्र्याच्या लाईनवर गेलं. स्कोडा जुळताना पाहिल्या, ऑडी पाहिल्या. एकच सांगतो, व्हीआरएस विकू नका. रोज चालवायला गाडी असली की हौसेच्या गाडीवर राग निघत नाही.

काळ्या_रानाचा

मी परभणीचा, रस्त्याच्या कामांवर देखरेख करण्यात हयात चालली आहे. पीएस-बीएस मला कळत नाही. पण धागाकर्त्यांनी ‘रस्ते मात्र आपले’ असं लिहिलंय, म्हणून लिहायलोय.

आपल्याकडं रस्त्याखाली काळी माती. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगती, उन्हाळ्यात आकसून भेगाळती. रस्त्याच्या मधोमध डांबराखाली ओल तशी टिकून राहती, पण कडेला पाणी मुरतंही आधी आणि वाळतंही आधी. म्हणून कडा आधी खचती, कडेनं लांबच लांब भेग पडती, आणि काही वर्षांत रस्त्याला लाटा येत्या. खड्डा नसतो बरं का. वरून रस्ता चांगला गुळगुळीत दिसतो, नवीन डांबर असतं, पण गाडी झुलायला लागती. बाहेरचा माणूस म्हणतो कामच निकृष्ट. कधीकधी ते खरंही असतं, पण मातीचा वाटा लोक धरतच नाहीत.

आता हिशेब करा. ताशी ८० म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. लाट दहा मीटरची असली तर गाडीला सेकंदाला दोनदा धक्का. स्पोर्ट्स गाडीच्या कडक स्प्रिंगवर गाडीचं अंग स्वतःच्या लयीत वरखाली होतं तेही साधारण सेकंदाला दोनदाच. दोन्ही लयी जुळल्या की गाडी उड्या मारायला लागती. मऊ गाडी झोका घेती, डोकं गरगरतं, पण चाक जमिनीवर असतं. कडक गाडीचं चाक हलकं पडतं, आणि नेमकं वळणावर हलकं पडलं तर मग मजा कसली.

म्हणून माझं मत: कुठली गाडी जास्त पळती ते विचारू नका. तिचा शॉकॲब्सॉर्बर दुसऱ्या लाटेच्या आत गाडीला शांत करतो का, ते बघा. एक लाट सगळ्यांनाच लागती.

टॉर्क_रेंच_वाळूज

काळ्या_रानाचा, दंडवत घ्या. गाड्यांच्या धाग्यावर इतका कामाचा प्रतिसाद मी क्वचितच वाचलाय. त्यालाच जोडून पुढे.

या दोन गाड्यांमधला मोठा फरक ताकदीत नाही, वजनात आहे. एम२ सतराशे किलोच्या आसपास, ऑटोमॅटिक घेतली तर थोडी आणखी. केमन जीटीएस पीडीकेसकट साधारण १४३५. म्हणजे पावणेतीनशे किलोंचा फरक, चार मोठी माणसं कायम मागे बसवून चालवल्यासारखा. जड गाडीला तेवढ्याच घट्टपणे धरून ठेवायला स्प्रिंग कडक लागते, डॅम्पर म्हणजे शॉकॲब्सॉर्बर कडक लागतो, टायर रुंद लागतो. एम२ ला पुढे २७५ चे आणि मागे २८५ चे टायर आहेत, ते काही शोभेसाठी नाहीत. हलक्या गाडीला हे सगळं जरा सैल ठेवता येतं आणि तरी ती वळते.

दुसरं, वजन कुठे आहे. एम२ चं इंजिन पुढे, केमनचं सीटच्या पाठीमागे, मागच्या ॲक्सलच्या अलीकडे. वजन मधोमध गोळा झालं की गाडीला वळायला सुरुवात करायला कमी जोर लागतो आणि थांबवायलाही कमी. म्हैसमाळच्या रस्त्यासारखं डावं-उजवं-डावं आलं की हा फरक मनगटात कळतो. उलट एम२ मध्ये मागची चाकं घसरवून गाडी आडवी काढायची मजा जास्त. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर लांब, घसरण सावकाश सुरू होते, आणि चाकं घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल दहा पायऱ्यांत ढिलं करता येतं. पण ती मजा घ्यायची कुठे? आपल्या घाटात तर नाहीच.

आता इंजिन. एम२ चं इंजिन कमी आरपीएमपासून ढकलायला लागतं, ५५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, आहे मॅन्युअलला. केमनचा ४२०-४३०, आणि खरा रंग वर चढतो, साडेपाच हजारांनंतर, ७८०० पर्यंत. गंमत अशी की केमनच्या दुसऱ्याच गिअरमध्ये काटा शंभरच्या पुढे जातो. म्हणजे ते इंजिन पूर्ण गायला लागेपर्यंत बहुतेक रस्त्यांवर तुम्ही वेगमर्यादा ओलांडलेली असते. एम२ चं सुख अर्ध्या थ्रॉटलवर मिळतं. हा मुद्दा केमनच्या विरोधात धरा. तिचे चाहते तो सहसा बोलत नाहीत.

आणि उन्हाळा. वीस अंशांच्या मानाने ४३ अंशांची हवा सात टक्क्यांनी विरळ. बिनटर्बो इंजिनाची तेवढी ताकद सरळ जाते. टर्बोवालं इंजिन हवा जास्त दाबून भरपाई करतं, पण दाबलेली हवा तापते आणि ती थंड करणाऱ्या इंटरकूलरवर ताण येतो, मग संगणक इग्निशन मागे ओढून ताकद कमी करतो. मे महिन्यात दुपारी दोघीही रुसतात. पहाटे चला, प्रश्न मिटला.

समृद्धी_सुसाट

एवढं शास्त्र कशाला? समृद्धी दारातून जाते. सावंगीला चढा, पहाटे चारला रिकामी असते, एम२ दाबा. २५० ला जालना मागे पडेल. केमनमध्ये ८० पीएस कमी आहेत, विषय संपला.

भूल_देणारी

सुसाट, मी जालन्याच्या एका रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. पहाटे चारला रिकाम्या दिसणाऱ्या त्या रस्त्यावरून जी माणसं येतात ती माझ्या टेबलावर येतात. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे आणि ती काही उगाच नाही. रस्ता सरळ, काँक्रीटचा, दोन्ही बाजूंना बघण्यासारखं काही नाही, चालकाचे डोळे उघडे असतात आणि मेंदू झोपलेला. त्यात टायर जुना, हवा कमी, काँक्रीट तापलेलं. टायर फुटला की पुढचं कुणाच्याच हातात राहत नाही. मर्यादा दुप्पट मोडायला सांगणारा सल्ला इथे कुणी खेळीमेळीत घेऊ नये म्हणून लिहिलं.

धागाकर्ते दादा, तुमच्या प्रश्नावर माझं मत थेट आहे. १२० ला कंटाळवाणी वाटणारी गाडी घेऊ नका. गाडी जितकी शांत आणि ताकदवान, तितका तिच्यात वेग कळत नाही. मग मजेसाठी माणूस आकडा वाढवत नेतो. ७० ला पण काहीतरी चाललंय असं जिच्यात वाटतं ती गाडी घ्या. कुठली ते तुम्ही इंजिनिअर लोक ठरवा.

टॉर्क_रेंच_वाळूज

ताई, माझ्या लांबलचक प्रतिसादापेक्षा तुमचं शेवटचं वाक्य जास्त कामाचं आहे.

समृद्धी_सुसाट

बरं बरं. मी गंमतीत लिहिलं होतं.

भूल_देणारी

ठीक आहे. टायरची हवा मात्र बघत जा.

नेकरकाठचा_परभणीकर

मूळचा परभणीचा, नोकरीमुळे स्टुटगार्टला. इथे पोर्शेचा कारखाना शहरातच, झुफनहाउसनला आहे, त्यामुळे माझ्या मताला झुकाव आहे हे आधीच धरून चाला.

ऑटोबानबद्दल आपल्याकडे जे वाटतं त्यातलं एक दुरुस्त करतो. इथल्या लोकांची चालवायची मजा ऑटोबानवर नसते. ऑटोबान हे घरी पोचायचं साधन. रविवारी सकाळी गाडी काढणारे काळ्या जंगलातल्या डोंगररस्त्यांवर जातात, तिथे मर्यादा बहुतेक ७०, कुठे १००. आणि तिथे जुन्या, कमी ताकदीच्या गाड्याच जास्त दिसतात.

मी दोन्ही चालवल्यात, भाड्याने आणि एका सहकाऱ्याची. एम२ मध्ये बसलं की ती सारखी विचारत असते, आता? आता? केमन विचारत नाही, सांगत असते. पुढच्या चाकाखाली खडी आहे, इथे ओल आहे, हे हातात येतं. दोघींचं स्टिअरिंग इलेक्ट्रिकच आहे, पण केमनच्या पुढच्या चाकांवर इंजिनाचं ओझं नाही, त्याचा हा परिणाम असावा. उलट क्लच दाबून स्वतःच्या हाताने गिअर टाकण्यात जे सुख आहे ते पीडीकेत शोधू नका. पीडीके माझ्यापेक्षा शहाणा आहे. म्हणूनच कधीकधी त्याचा राग येतो.

बालाघाटी

अंबाजोगाईहून लिहितो. कुणाला बोचेल तर बोचू द्या. आमच्याकडून दर दिवाळीला हजारो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. त्या माणसांच्या रस्त्यावर एक कोटीची दोन सीटची गाडी. त्यात पुण्यात मे २०२४ ला पोर्शेच्या धडकेत दोघांचा जीव गेला, त्यानंतर पोर्शे म्हटलं की गावाकडं लोकांच्या डोळ्यांत काय येतं ते एकदा थांबून बघा. घेऊ नका असं नाही म्हणत. ती गाडी घेऊन कुठं उभे राहता त्याचा विचार करा.

पानचक्की_२०

बालाघाटी, बोचलं नाही, खरंच. माझे वडील चाळीस वर्षांपूर्वी गेवराईकडून वाळूजला आले ते कंपनीत हेल्पर म्हणून. हौस करताना पाठीमागे कुणीतरी बघतंय असं मलाही वाटतं. मिरवायला नको असं मी लिहिलं होतं ते यासाठीच. गाडी पहाटे निघेल, आठच्या आत घरी येईल. याउपर उत्तर माझ्याकडे नाही.

बाकी सगळ्यांचं वाचतोय. पुढच्या आठवड्यात दोन्ही चालवायला मिळतायत.

बालाघाटी

मग पहाटेचं एक सांगून ठेवतो. तोडणीच्या हंगामात, म्हणजे दिवाळीपासून मार्चपर्यंत, उसाच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं भरलेला. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या. कितीही ब्रेक चांगले असले तरी दिसलीच नाही तर काय करणार? धारूरच्या घाटात तर या गाड्या आणूच नका, रस्ता अरुंद आहे.

खुलताबादची_मावशी

म्हैसमाळला येणार असाल तर शनिवार टाळा, भद्रा मारुतीला पायी येणारी माणसं रात्रीपासून रस्त्यावर असतात. श्रावणात आणि हनुमान जयंतीला तर गाडी बाहेर काढूच नका. खुलताबाद ते म्हैसमाळ बारा किलोमीटर, अरुंद, दोन्हीकडं झाडी. माझा मुलगा ड्रायव्हर आहे, तो म्हणतो या रस्त्याला रुंद गाडी नको. दौलताबादच्या दरवाज्यातून दोन वाहनं एकदम जात नाहीत हे तर तुम्हाला माहीतच.

टॉर्क_रेंच_वाळूज

मावशी, मुलाचं बरोबर आहे. एम२ ची रुंदी १८८७ मिमी, केमनची १८०१. कागदावर नऊ सेंटीमीटर, पण समोरून पिकअप आली की प्रत्येक बाजूला चार-साडेचार सेंटीमीटर म्हणजे डांबरावर राहायचं की मुरमात उतरायचं एवढा फरक.

गतिरोधकाचंही सांगतो, कारण हा प्रश्न येणारच. पोट घासतं का ते नुसत्या ग्राउंड क्लिअरन्सवर ठरत नाही, पुढच्या-मागच्या चाकांतल्या अंतरावरही ठरतं. केमनचं २४७५, एम२ चं २७४७ मिमी. उंची तितकीच असेल तर आखूड गाडी सरपंचाच्या दारासमोरचा डोंगर जास्त सहज ओलांडते. तिरकी घालायची सवय मात्र दोन्हीत लावून घ्यावी लागेल. नाक वर उचलायची सोय हवी असेल तर ती पोर्शेच्याच ९११ ला पर्याय म्हणून मिळते, पण तो वेगळ्या पैशांचा धागा.

पानचक्की_२०

दोन्ही चालवून आलो. सविस्तर लिहितो, कारण इथल्या प्रतिसादांमुळे काय बघायचं ते कळलं होतं.

एम२ पुण्यात चालवली. पहिल्या दहा मिनिटांतच मी मनाने चेक फाडला होता. क्लच जड पण प्रामाणिक, गिअर खटकन बसतो. तिसऱ्यात दोन हजारांवरून पाय दाबला आणि पाठीवर कुणीतरी हात ठेवून ढकललं. व्हीआरएसनंतर ही ताकद म्हणजे थट्टा आहे. शेजारी बसलेला विक्रेत्याचा मुलगा रोज हे चेहरे बघत असणार, तो मोबाईलमध्ये होता.

मग मुद्दाम त्याला विनंती करून शहराबाहेर एका जुन्या, पॅच मारलेल्या रस्त्यावर नेलं. तिथे काळ्या_रानाचा यांची दुसरी लाट शोधली. सस्पेन्शन कम्फर्टवर होतं. पहिली लाट गाडीने नीट घेतली. दुसरीला गाडी शांत होती, पण मी नव्हतो. म्हणजे असं की गाडीने आपलं अंग घट्ट धरलं आणि तो झटका जसाच्या तसा माझ्या कमरेला दिला. चूक काही नाही. पण साठ-सत्तरच्या वेगाला मी रस्ता चुकवत होतो, चालवत नव्हतो. गुळगुळीत भाग आला की परत स्वर्ग.

केमन मुंबईला. मालक वयस्कर पारशी गृहस्थ. त्यांनी चावी दिली आणि फक्त ‘तेल तापू द्या’ एवढंच म्हणाले. पहाटे नाशिक रस्त्याने कसाऱ्याच्या बाजूला नेली. पहिली वीस मिनिटं मी खरंच निराश होतो. पीडीके आपला गुपचूप वरचे गिअर टाकत होता, आवाज सातव्या गिअरला मिक्सरपेक्षा फार वेगळा नव्हता, आणि एम२ चा तो धक्का कुठेच नव्हता.

मग गिअर हाताने टाकायला घेतले. घाट सुरू झाला. दुसरा, तिसरा, परत दुसरा. काटा बघितला तर साठच्या आसपास. मी व्हीआरएसमध्ये हेच वळण याच वेगाने घेतो, पण तेव्हा मी पुढच्या गाडीचा विचार करत असतो, ऑर्डरचा विचार करत असतो. इथे डोक्यात वळणाशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं. स्टिअरिंग किती वळवायचं ते ठरवावं लागत नव्हतं, नजर गेली की गाडी गेलेली असायची. सीटच्या मागून इंजिन श्वास घेताना ऐकू येतं, टर्बो नसल्यामुळे पायाचं बोट हललं तरी आवाज बदलतो. ७८०० ला एकदाच नेलं, चढावर, मोकळं बघून. टॉर्क_रेंच यांचा मुद्दा खरा आहे, तिथे रोज जाता येणार नाही. पण चार हजारांवरही ती मुकी नाही.

खराब तुकड्यावर केमन हलली. एम२ पेक्षा जास्तच हलली, पण हलून सोडून दिलं. कंबर वाचली.

आता अडचण अशी, मॅन्युअलचं काय? डावा पाय रिकामा बसलेला असतो, तो सारखा आठवण करून देतो. आणि मुलगी विचारतेय, मी कुठे बसू. एम२ ला मागे दोन सीट आहेत.

शेंद्रा_जनरल_शिफ्ट

मुलगी शेजारी बसेल, बायको इनोव्हातून मागून येईल. ठराव तिनेच मांडलाय ना.

नेकरकाठचा_परभणीकर

तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे. एम२ बद्दल लिहिताना तुम्ही पाठीबद्दल लिहिलंय आणि विक्रेत्याच्या मुलाबद्दल. केमनबद्दल लिहिताना वळणाबद्दल.

टॉर्क_रेंच_वाळूज

मी उलट बाजूने बोलतो, कुणीतरी बोललं पाहिजे. एम२ नवी आहे, वॉरंटी आहे, सर्व्हिसला पुण्यात जाऊन येता. मॅन्युअल स्पोर्ट्स गाड्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. केमन जुनी घेताना प्रत्येक पार्टची वाट बघावी लागेल, पोर्शेसाठी मुंबई गाठावी लागेल. गाडी दारात उभी राहिली तर मजा शून्य. आणि एम२ मध्ये हौस म्हणून वर्षातून एकदा ट्रॅकवर जायचं असेल तर इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स आहे, ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक. कुणी कार्यक्रम ठेवला असेल तेव्हाच आत जाता येतं, पण आपल्याला धुळ्यावरून एका दिवसाचा प्रवास. तिथे ४८० पीएस कामाला येतील.

हे सगळं लिहून झाल्यावर प्रामाणिकपणे सांगायचं तर, तुम्ही म्हैसमाळचे आहात, पिथमपूरचे नाही. रविवारच्या दोन तासांसाठी गाडी घेताय. मी केमन घेईन.

भूल_देणारी

साठच्या वेगाला डोक्यात वळणाशिवाय काही उरलं नाही, हे वाचलं. माझं मत तिथेच पडलं.

पानचक्की_२०

केमन घेतोय. उद्या त्या गृहस्थांना फोन करतो. एम२ च्या विक्रेत्याला आजच कळवलं, त्याला फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. आता जुनी पोर्शे घेताना काय काय तपासायचं ते जाणकारांनी लिहा, टोकन द्यायच्या आधी.

एमएच२६_गोदावरी

नांदेडहून. माझ्या चुलतभावाने जुनी पोर्शे घेतली तेव्हा सगळी धावपळ मी केली होती, म्हणून लिहितो.

पहिलं, कंपनीच्या अधिकृत केंद्रात तपासणी करून घ्या, पैसे लागले तरी. ते इंजिनाच्या संगणकातून ओव्हररेव्हचा अहवाल काढतात. इंजिन मर्यादेच्या वर किती वेळा आणि किती तासांचं असताना गेलं, ते सहा टप्प्यांत दिसतं. मॅन्युअल गाडीत चुकून खालचा गिअर पडला तर वरचे टप्पे भरतात. पीडीके तसं करू देत नाही, त्यामुळे तुमचा अहवाल स्वच्छ असायला हवा. नसला तर विचारा का.

दुसरं, पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या जाळ्या. रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर तिथेच आहेत. वाळका पाला, धूळ आत साचते, ओल धरते आणि कंडेन्सर सडतो. टॉर्च मारून बघा. घेतल्यावरही दर पावसाळ्याआधी साफ करा. आपल्याकडे दिवाळीनंतर रस्त्याच्या दोन्ही कडांना कापूस उडतो, उसाचं पाचट असतं, ते सगळं त्याच जाळीत जाणार.

तिसरं, गाडी महाराष्ट्रातच नोंदलेली आहे ना ते आरसीवर बघा. बाहेरच्या राज्यातली असेल तर एनओसी आणि इथला रोड टॅक्स परत. आयात गाडीला आपल्याकडे सरसकट २० टक्के दर आहे आणि जुलै २०२५ पासून कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख झाली आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे सूट मिळते, पण तरी आकडा दुखतो.

विम्यात झिरो डेप (घसारा न कापणारा) घ्या आणि इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्या. इंजिन मागे, खाली आहे, पावसाळ्यात पुलावर पाणी असलं तर थांबायचं.

पानचक्की_२०

एमएच२० नाही पण एमएच०१ आहे, मग टॅक्सचं टेन्शन नाही. ओव्हररेव्हचं माहीतच नव्हतं. टायर नवेच दिसले मला, नक्षी भरपूर शिल्लक होती.

भूल_देणारी

नक्षी बघू नका, तारीख बघा. टायरच्या कडेला डॉट (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर नेहमी नवे दिसतात आणि आतून कडक झालेले असतात. जुने निघाले तर किमतीतून चारही टायरचे पैसे वजा करून मागा, आणि समृद्धीने घरी आणायच्या आधी मुंबईतच बदला.

पानचक्की_२०

ताई, उद्या फोनवर पहिला प्रश्न हाच.